बापूंचा लेथ पुन्हा मुका होऊ नये म्हणून

मी, खाली सही करणारी, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली कारकून, वय सत्तरीला टेकलेलं, डोकं ठिकाणावर, हात स्थिर (कालच एक भोवरा कातलाय, हवं तर फिरवून बघा), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवते. आमचे हे समोर बसून "एवढी कसली घाई?" असं विचारताहेत, त्याला दडपण म्हणत नाहीत. घाई एवढ्याचसाठी, की बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाकूड कातायचा लेथ माझ्यामागे पुन्हा मुका होऊ नये.

राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी ह्यांच्या हयातीपर्यंत ह्यांच्या, त्यांच्यानंतर मुलाच्या. चहात भुसा पडतो अशी तक्रार ह्यांनी रोज केली आणि तोच चहा रोज मला लेथपाशी आणून दिला. अशा माणसाला घर दिलं तरी कमीच आहे.

आता दादा, माझा थोरला भाऊ. बापूंजवळ उभी राहून कातकाम शिकले मी. हा भुशाने नुसता शिंकायचा. तरी बापू गेल्यावर लेथ त्यानेच नेला. "मुलीच्या जातीला काय करायचाय लेथ?" हे त्याचे शब्द, चारचौघांत. पुढे माझी अख्खी नोकरी होईपर्यंत त्या लेथवर गाद्या रचलेल्या होत्या. मी जायची, गाद्यांकडे बघायची, वहिनीशी गप्पा मारून परत यायची. फार जिवाला लागायचं. मी निवृत्त झाले आणि एक दिवस त्याचा फोन आला, "तुझं ते धूड घेऊन जा बाई, जागा अडवून बसलंय." तुझं म्हणाला! तेवढ्यावर मी त्याला सगळं माफ केलं.

जवळजवळ सगळं. इतक्या वर्षांनी पहिला वाडगा कातायला घेतला, तर हाताला पटाशी आठवली, पण किती खोल जायचं ते आठवेना. आतून कोरत गेले, कोरत गेले, आणि एकदम पलीकडची भिंत दिसली. तळच गेला! बापूंची रीत अशी, की तळ गेलेला पहिला वाडगा फेकायचा नाही, लेथच्या वर खिळ्याला टांगायचा. ज्याचा वाडगा खिळ्यावर, त्याचा लेथवर हक्क. दादाचा वाडगा त्या खिळ्याला कधी लागलाच नाही. म्हणून माझा हा बिनतळाचा वाडगा मी दादाला देते. त्यात त्याने आपला थोरलेपणा जपून ठेवावा.

चिरंजीवांनी मध्ये विचारलं होतं, "आई, पुढेमागे तो लेथ विकला तर तिथे माझी दुचाकी मस्त बसेल, नाही?" बाळा, दुचाकी बाहेरच राहील.

सूनबाईचं आणि माझं पटत नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. पंख्याचा वेग, कपडे वाळत घालायची तऱ्हा, कशावर म्हणून एकमत नाही. मागच्या वर्षी माझा हात प्लास्टरमध्ये असताना मागच्या खोलीतून लेथचा आवाज आला. म्हटलं, ह्यांनी काय उद्योग आरंभला? जाऊन बघते तर सूनबाई! केसांत भुसा, डोळ्यांवर माझा चष्मा, आणि हातातल्या वाडग्यातून तिचा अंगठा आरपार दिसतोय.

"आई, तळ गेला हो," म्हणाली. अगदी रडकुंडीला आली होती. "तुमचं चांगलं लाकूड वाया घालवलं मी."

मला हसू आवरेना. "अगं वेडे, आण तो इकडे," म्हटलं, आणि एका हाताने तो माझ्या वाडग्याशेजारी टांगला. दुसऱ्या दिवशी पंख्यावरून पुन्हा वाजलंच आमचं.

सबब लेथ, सगळ्या पटाश्या, धारेचा दगड आणि मागची खोली सूनबाईची. घर कोणाचंही असो, त्या खोलीत गादी ठेवायची नाही.

अट एकच. मला पोहोचवून सगळे घरी येतील, दादाही असेल. तेव्हा सूनबाईने पदर खोचून लेथ सुरू करावा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मी काही ऐकायला नसेन, पण दादाने ऐकलंच पाहिजे.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर, रविवार
सही : लिहून ठेवणारी, बापूंची धाकटी

साक्षीदार : १. शेजारचे दंतवैद्य (सही)  २. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या ताई (सही)

लिहून ठेवणारीने आम्हां दोघांसमक्ष सही केली. सूनबाईंना लाभ होत असल्याने त्या साक्षीला नव्हत्या. त्या मागच्या खोलीत होत्या आणि लेथ चालू होता, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलं.