यामिनीच्या नावानंतरची शांतता परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
राज्य ध्वनिवारसा संग्रह,
पुणे.

अर्जदार: दिनकर वामन सोहोनी, निवृत्त संशोधन अधिकारी, महानगर वसाहत, लखनऊ.

विषय: 'नौका मृगशीर्ष' या विज्ञान-श्रुतिकामालेच्या अर्जदाराने जमा केलेल्या ध्वनिफितींचे निर्लेखन (नष्ट करणे) थांबवणे व त्यांतील एका स्त्रीच्या आवाजाची "व्यत्यय" अशी झालेली नोंद रद्द करणे.

संदर्भ: १) श्रोत्यांनी घरगुती ध्वनिमुद्रणे पाठवावीत, हे आपल्या कार्यालयाचे आवाहन.
२) फिती निर्लेखनास पात्र ठरल्याचे आपले पत्र.
३) आपल्या कार्यालयातील श्रीमती हिमानी यांच्याशी दूरध्वनीवरील बोलणे.

महोदय,

१. अर्जदार या अर्जात स्वतःचा उल्लेख "अर्जदार" असाच करणार आहे. मानक नगरच्या रेल्वे संशोधन कार्यालयात सारी नोकरी गेली, तिथली ही सवय. शिवाय "मी" लिहायला घेतलं की हात थांबतो, असं दोन मसुदे फाडल्यावर लक्षात आलं आहे. तरी कृपया गैरसमज नसावा.

२. अर्जदार 'नौका मृगशीर्ष'चा आजन्म श्रोता आहे. मालिका सुरू झाली तेव्हा तो सांगलीला कॉलेजात होता. पुढे तिच्या कादंबरिका दिवाळी अंकांत आल्या, बालनाट्य झालं, दूरदर्शन मालिका झाली, आणि आता मोबाइलवर तिची नवी आवृत्ती आली आहे. तीत नौका एखाद्या हॉटेलच्या लॉबीसारखी चकचकीत आहे आणि कप्तान दर दहा मिनिटांनी कोणाला तरी मिठी मारतो. अर्जदाराने यातलं प्रत्येक रूप पाहिलं, प्रत्येकावर मनसोक्त तोंडसुख घेतलं आणि एकही सोडलं नाही. मालिका आपल्या घरातलीच असल्यावर असंच होतं.

३. आपण या पदावर नवीन आहात असं कळलं, म्हणून एक गोष्ट खुलासेवार सांगतो. प्रत्येक भागाच्या शेवटी कप्तान नौकेवरची हजेरी घेत असे. जिवंत असतील ते "हजर" म्हणत. पण मेलेल्यांचंही नाव घेतलं जाई. दिशादर्शक यामिनी एका धूमकेतूच्या शेपटात गेली, त्यानंतरही प्रत्येक भागात कप्तान "दिशादर्शक यामिनी" म्हणे आणि थांबे. रेडिओवर काहीही वाजत नसे. मग तो म्हणे, "नोंद घेतली." पुढचं नाव. ज्याचं नाव घेतलं जातं तो नौकेवर आहे, असा त्यांचा नियम होता. असली शांतता त्या काळी कुठलंही केंद्र सोडत नसे, पण या मालिकेसाठी सोडत होतं. आम्हा श्रोत्यांच्या लेखी ती शांतता म्हणजेच मालिका होती. बाकी मग रॉकेटंबिकेटं.

४. नोकरीनिमित्त लखनऊला आल्यावर तिकडचं मराठी प्रक्षेपण इथे ऐकू येण्याची आशा नव्हती. थंडीत अंधार लवकर पडला की मात्र ते यायचं, आणि मालिकेचं तिसरं पर्व सात वर्षं थंडीतच लागे, हे नशीब. तेही मानक नगरच्या क्वार्टरमध्ये एकाच जागी, स्वयंपाकघराच्या खिडकीत. म्हणून रेडिओ त्या खिडकीत आणि त्याच्यापुढे टेपरेकॉर्डर, असा अर्जदाराचा संसार मांडलेला असे. खिडकीखाली ओटा. ओट्यापाशी अर्जदाराची पत्नी, सौ. देविका. आपल्याकडील फितींवर भांड्यांचे आवाज का आहेत, याचं कारण एवढंच आहे. अर्जदार निष्काळजी नव्हता.

५. देविकेला मालिकेत काडीचा रस नव्हता. "अहो, तुमची ती बया मेली तरी रोज तिचं नाव कशाला घेतात?" असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं. अर्जदाराने नियम समजावून सांगितला. तिने मटार सोलता सोलता तो ऐकून घेतला. पुढच्या भागात कप्तान "दिशादर्शक यामिनी" म्हणून थांबला आणि मागून स्वच्छ आवाज आला: "हजर!"

६. त्यानंतर ती प्रथाच पडली. कधी नुसतं "हजर". कधी "हजर, पण गॅस संपत आलाय." एकदा "हजर हो हजर, हात कणकेचे आहेत." आणि दर वेळी कप्तान तिचं सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणे, "नोंद घेतली." मुलगी पूर्वा तेव्हा लहान होती, ती हसून लोळायची. आईचं आणि कप्तानाचं रोज बोलणं होतं, अशी तिची पक्की समजूत होती. हे सर्व फितींवर आहे. निदान होतं.

७. केंद्रावरच्या मूळ फिती ओलीने खराब झाल्या म्हणून आपल्या कार्यालयाने श्रोत्यांना आवाहन केलं, तेव्हा अर्जदाराने एका दिवसाचाही विचार केला नाही. तिसऱ्या पर्वाचा पूर्ण संच अख्ख्या देशात त्याच्याकडेच निघाला. ट्रंकभर फिती त्याने स्वतः पुण्याला आणून दिल्या. प्रत मिळेल आणि काम झाल्यावर फिती परत मिळतील, असं आवाहनात छापलेलं होतं. आभाराच्या यादीत "सोहोनी, लखनऊ" असं नाव आलं, ते कापून त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. देविका म्हणाली, "चला, माझा आवाजही सरकारजमा झाला." तेव्हा दोघेही हसले.

८. पुढच्याच वर्षी तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. गेला म्हणजे साफ गेला. मोबाइलमध्ये तिचे व्हिडिओ आहेत, पण ते सगळे नंतरचे. त्यांत ती हसते, हातवारे करते, ओठ हलवते. महोदय, मोबाइल घरात आला तेव्हा आवाज होता, पण रोज ऐकू येणारा आवाज कोण साठवून ठेवतो? तिने त्या काळात अर्जदाराकडे एकच मागणं मागितलं. खुणेने रेडिओ दाखवला, मग स्वतःचा गळा, मग कान. म्हणजे, तुमच्या त्या फिती आल्या की मला एकदा माझा आवाज ऐकवा. अर्जदाराने आपल्या कार्यालयाला स्मरणपत्रं पाठवली. काम प्रगतिपथावर असल्याचं उत्तर आलं. अर्जदार सरकारी माणूस. प्रगतिपथावर म्हणजे काय हे त्याला कळायला हवं होतं. देविका वाट पाहत पाहत गेली.

९. आवाज गेल्यावरही तिने हजेरी चुकवली नव्हती, हेही नमूद करतो. अर्जदार रोज संध्याकाळी चहाच्या वेळी कप्तानाच्या थाटात "दिशादर्शक यामिनी" म्हणे आणि ती उलथनं ओट्यावर आपटे. एकच ठोका. तो ठोका आता अर्जदाराला घरात कुठेही ऐकू येतो. न्हाणीघरात येतो, कपूरथळा मार्केटमधून भाजी घेऊन जिना चढताना येतो. अर्जदाराने आयुष्यभर रुळांची कंपनं मोजली आहेत. खरा ठोका कुठला आणि डोक्यातला कुठला, हे त्याला कळतं. कळूनही तो दर वेळी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येतो.

१०. या पाडव्याला आपण मूळ श्रुतिका स्वच्छ करून मोबाइलवर उपलब्ध करून दिलीत. काम उत्तम झालं आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. निरोपाच्या भागात कप्तानाला हुंदका फुटतो, हे अर्जदाराला आत्ता, या वयात कळलं. त्याच्या फितीत त्या जागी कुकरची शिट्टी होती. ज्या स्वच्छ आवाजाची उभा जन्म आस धरली तो अखेर कानी पडला. आणि मग हजेरी आली. कप्तान म्हणाला, "दिशादर्शक यामिनी नोंद घेतली."

११. मध्ये काहीच नाही! देविकेचा आवाज पुसलेला, आणि पुसून उरलेली शांतताही यंत्राने बिघाड समजून काढून टाकलेली. कप्तान आता रेल्वेच्या खिडकीवरच्या बाबूसारखी नावं उरकतो. अर्जदाराने सगळे भाग तपासले. एकाच ठिकाणी, सातव्या भागात, पुसणाऱ्याचा हात किंचित चुकला आहे. "यामिनी"नंतर एक अर्धा श्वास राहून गेलाय. "ह" म्हणायला घेतलेला श्वास. तिथेच तो तुटतो आणि लगेच "नोंद घेतली". अर्जदार तो भाग रोज ऐकतो. अर्ध्यावर तुटलेल्या हाकेला ओ कशी द्यायची, हे त्याला कोणी सांगावं.

१२. मुलगी पूर्वा हल्ली येऊन राहिली आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. इथल्या मुलांचं असंच असतं. तिने कानाला लावून तो श्वास ऐकला आणि म्हणाली, "बाबा, कुछ नहीं है इसमें। आप सो जाइए।" अर्जदाराला तिचा राग आला. पण गेल्या रविवारी संध्याकाळी भाग चालू होता आणि ती स्वयंपाकघरात पराठे करत होती. हजेरी सुरू झाली. यामिनीचं नाव आलं, आणि ओट्यावर उलथन्याचा ठोका पडला. अर्जदार उठून उभा राहिला. ठोका पूर्वाने दिला होता. पण तोवर कप्तान "नोंद घेतली" म्हणून पुढच्या नावावर गेलेला होता. तिने भाग मागे नेला, पुन्हा नाव ऐकलं, पुन्हा घाईने ठोका दिला. पुन्हा उशीर झाला. आणखी एकदा करून पाहिलं. मग उलथनं हातात घेऊन ती तशीच खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, आई को टाइम ही नहीं दिया।"

१३. त्या रविवारनंतर हा अर्ज लिहिणं भाग पडलं. श्रीमती हिमानी यांना अर्जदाराने दूरध्वनी केला. बाई सौजन्याने बोलल्या. "काका, आवाज किती सुरेख स्वच्छ झालाय ना?" असं त्यांनी मनापासून विचारलं. महिनेमहिने बसून त्यांनीच ते केलं आहे, त्यांच्यावर अर्जदाराचा काही रोष नाही. फितींचं विचारल्यावर त्यांनी नोंद वाचून दाखवली: "व्यत्यय: घरगुती. भांडी, शिट्टी, स्त्रीचा आवाज." आशय जतन झाल्याने जमा झालेल्या फिती चालू महिन्याअखेर नष्ट होतील, परत देण्याची तरतूद नव्या नियमांत राहिलेली नाही, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "काका, त्या कोण होत्या?"  त्याचं उत्तर अर्जदार या अर्जाने देत आहे.

१४. सबब विनंती अशी:

(अ) महिन्याअखेरचं निर्लेखन थांबवावं आणि ट्रंक परत द्यावी. ती न्यायला अर्जदार स्वतः येईल. परत देता येत नसेल तर आपल्या कार्यालयात एका कोपऱ्यात बसून फिती एकदा ऐकू द्याव्यात. टेपरेकॉर्डर तो आणेल, खुर्चीही लागणार नाही.

(आ) "व्यत्यय" ही नोंद खोडून तिथे "यामिनीच्या भूमिकेत: सौ. देविका सोहोनी" असं लिहावं. तिने ही भूमिका सात हिवाळे एकही भाग न चुकवता केली. खुद्द कप्तानाने तिची दर वेळी नोंद घेतलेली आहे आणि आपल्या कार्यालयापेक्षा कप्तानाचा हुद्दा मोठा आहे, असं अर्जदाराचं नम्र मत आहे.

(इ) मोबाइलवरच्या भागांत यामिनीच्या नावानंतरची शांतता होती तेवढी परत घालावी. हे एकट्या अर्जदाराचं मागणं नाही. असे आणखीही श्रोते असतील, ज्यांच्या घरातून कोणी तरी त्या शांततेत बोलत असेल.

(ई) अर्ज पोचायला उशीर झाला, नियम आडवा आला, यांपैकी काहीही होऊ शकतं. अर्जदाराने स्वतः नोकरीत असे अर्ज दप्तरी दाखल केलेले आहेत. तसं झाल्यास एवढंच करावं. फिती नेण्यापूर्वी कोणी तरी, शक्यतो श्रीमती हिमानी यांनी, त्या ट्रंकेपाशी उभं राहून एकदा मोठ्याने "देविका" असं नाव घ्यावं. यामिनी नको. आणि थांबावं. काही ऐकू आलं नाही तरी थांबावं, मगच "नोंद घेतली" म्हणावं. घाई मात्र करू नये. ती हातातलं काम टाकून येते, तिला जरा वेळ लागतो.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,

(दिनकर वामन सोहोनी)
नौका मृगशीर्षचा श्रोता
लखनऊ, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत: १) फिती जमा केल्याची आपल्या कार्यालयाची पोच, छायाप्रत.
२) सातव्या भागातील श्वासाची जागा दाखवणारी चिठ्ठी.
३) एक कोरी कॅसेट, घरातली शेवटची. फिती परत देणं शक्य नसल्यास नुसते "हजर" तेवढे हिच्यावर उतरवून द्यावेत, भांड्यांच्या आवाजासकट.