विहिरीतल्या दगडावरचं पान

केंदूर, जानेवारी १९९९. रविवार संध्याकाळ.

विहीर खोदताना निघालेल्या काळ्या दगडाच्या पिवळट पडलेल्या बाजूवर पानासारखी काळी नक्षी आहे. माझी मुलगी सुमन तो उद्या शाळेच्या प्रदर्शनात जीवाश्म म्हणून मांडणार होती. आमच्या आईनं तर त्याला हळदकुंकूही वाहिलं!

मी स्पष्ट सांगितलं, "हा जीवाश्म न्हाई. काळा पाषाण म्हंजी थंड झालेला लाव्हा. त्यात पान जळूनच जाईल. भेगेत पाणी झिरपलं, त्यातल्या खनिजाची ही नक्षी."

"मग मी उद्या काय नेऊ?" सुमन रडवेली झाली.

बायको म्हणाली, "लई शाने! एक दिवस राहू द्या की पान."

का राहू द्यायचं? ती नक्षी भिंगातून मी पुन्हा पाहिली. सगळ्या फांद्या भेगेच्या कडेपासूनच फुटतात. पान असं वाढत नाही. मी बरोबरच आहे.

सुमननं भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं, दगडावरचं कुंकू पुसलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: 'हे पान नाही. का नाही, ते मला विचारा.'

मग मला म्हणाली, "आप्पा, उद्या या. पण मधी बोलायचं न्हाई."

बरं म्हणालो खरा. नक्षीबद्दल कुणी चुकीचं बोललं तर?

तरी गप्प बसायचं. सांगेल ती.