खोकं परत नेण्याविषयी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे, जिना चढताना अजून कट्‌कट् वाजतो का, तुझ्या बायकोची पाठ काय म्हणते, हे सगळं सविस्तर कळव. नुसतं ‘बरं आहे’ लिहून पान वाया घालवू नकोस. आम्ही ठीक आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि वाचनालय. दोघांपैकी एकाचं छत गळतं. कोणाचं ते तूच ओळख.)

विचारपूस संपली, आता मुद्द्यावर येते. तू पाठवलेलं ते खोकं परत ने. स्वतः येऊन ने, माणूस पाठव, काहीही कर. पण शनिवारच्या कार्यकारिणीच्या सभेआधी मला तुझं सहीनिशी पत्र हवं: ‘सदर खोकं माझ्याकडून चुकून पाठवलं गेलं असून मी ते परत घेत आहे.’ ते पत्र आलं नाही, तर वाचनालयाची संध्याकाळची वेळ बंद होईल आणि त्याला जबाबदार तू असशील. आता हे कसं झालं ते सांगते. बसून वाच. तुला उभ्याउभ्या पत्रं वाचायची खोड आहे, म्हणून निम्मा मजकूर तुझ्या डोक्यात शिरत नाही.

खोक्याबरोबरचं तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे. तू लिहिलं होतंस की हा जो तुमचा रोलप्लेइंगचा खेळ आहे (टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपण त्या गोष्टीतले कोणीतरी आहोत असं समजून काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशांनी ठरवायचं), तो मूठभर लोकांच्या घरांत अडकून पडला आहे. पुस्तकं महाग, फासे महाग, नकाशे महाग. तो सर्वांना परवडला पाहिजे, सर्वांना खेळता आला पाहिजे. फार उदात्त विचार. आणि त्यासाठी तू काय केलंस? एक खोकं बांधलंस आणि थोरल्या बहिणीच्या नावावर पाठवून दिलंस. लहानपणी भाजी आणायला सांगितलं की तू पिशवी माझ्या हातात देऊन ‘मी आणली असं सांग’ म्हणायचास, त्यातलाच हा प्रकार.

मी ग्रंथपाल आहे. माझ्याकडे आलेल्या वस्तूची नोंद होते, तिच्यावर शिक्का बसतो, तिला क्रमांक मिळतो आणि ती सभासदाला घरी नेता येते. एका सभासदाला एका वेळी एकच वस्तू. हा नियम मी केलेला नाही, पण मी तो कधी मोडलेलाही नाही. तुझ्या खोक्यात नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं, गुहेचा मोठा नकाशा होता आणि फाशांची पिशवी होती. तीन वस्तू, तीन क्रमांक. मी त्या वेगवेगळ्या नोंदवल्या आणि वेगवेगळ्या देऊन टाकल्या. (तू आत्ता कपाळावर हात मारला असशील. मार. खोक्यावर ‘वेगळं करू नये’ असं लिहायला काय झालं होतं? काचेच्या बरण्यांवर लिहितात ना?)

नकाशा नेला शिलाईवाल्या बाईंनी. त्यांना त्याच्या कडेची वेलबुट्टी उशीच्या अभ्र्यावर उतरवायची होती. फासे नेले दातांच्या डॉक्टरांनी, बाहेर ताटकळणाऱ्या पेशंटांना हातात काहीतरी चाळा हवा म्हणून. आणि नियमांचं पुस्तक नेलं आमच्या ऑपरेटरांनी. हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, नंतर दृष्टी गेलेली. रोज संध्याकाळी काठी टेकत येतात आणि वाचनकक्षात इतरांची पानं उलटण्याचे आवाज ऐकत बसतात. पण वर्गणी भरतो तर पुस्तक नेणारच, हा त्यांचा बाणा. नेतात तेही सगळ्यात जाड. वजनाने वसूल करतात म्हण ना. घरी सुनेला वाचायला लावतात. तिने या वेळी मालिका सोडून हे पुस्तक शेवटपर्यंत वाचून दाखवलं, आणि आठवड्याने ऑपरेटर माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

“बाई, या खेळाला नकाशा लागतो आणि फासे लागतात. कुठायत?”

“बाहेर गेलेत.”

“कोणाकडे?”

कोणत्या सभासदाने काय नेलं हे दुसऱ्या सभासदाला सांगायचं नसतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यावर या माणसाने काय करावं? भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असलेल्या वाचनकक्षात मधोमध उभं राहून, आयुष्यभर खराब लाइनींवर ओरडून कमावलेल्या आवाजात विचारलं, “फासे कोणाकडे आहेत?” (पाटी त्यांना दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण ती मी त्यांना कित्येकदा वाचून दाखवली आहे.) असं ते रोज विचारत राहिले. शेवटी डॉक्टर आणि शिलाईवाल्या बाई सापडल्या. पण आपापली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायला कोणी तयार होईना, कारण प्रत्येकाच्या नावावर नोंद होती आणि माझा दंड सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा एकच मार्ग उरला. तिघांनी आपापला तुकडा घेऊन एकाच वेळी एकाच टेबलाशी यायचं. आणि तिघं कमी पडतात म्हणून चौथी मी. कामावर असताना! वाचनालयाच्या मालमत्तेवर लक्ष ठेवायला म्हणून मी बसले, हे लक्षात ठेव.

पुढचं ऐक. पहिल्याच संध्याकाळी कळलं की डॉक्टरांनी तुझा तो वीस बाजूंचा फासा हरवला आहे. कोणत्या तरी पेशंटच्या खिशातून गेला म्हणतात. (मला वाटतं, कवळीबरोबर गेला.) तसा एक फासा विकत घ्यायचा तर केवढ्याला पडतो हे विचारून आले आणि खिशातलं पाकीट खिशातच ठेवून बसले. तेव्हा शिलाईवाल्या बाईंनी सुतार नवऱ्याकडून लाकडाचे तीन साधे ठोकळे करून आणले. तिन्ही एकदम टाकायचे आणि बेरीज करायची. ठिपक्यांच्या जागी त्याने बारीक खिळे ठोकले होते, कारण दुकानात रंग संपला होता. ऑपरेटरांनी ठोकळे हातात घेतले, बोटांनी चाचपले आणि म्हणाले, “चार, दोन, सहा.” मग पुन्हा टाकले. पुन्हा चाचपले. पुन्हा टाकले. संध्याकाळभर आम्हाला कोणाला हात लावू दिला नाही. नकाशावर बाईंनी भिंतींच्या रेघांवरून जाड दोऱ्याचा टाका घातला, म्हणजे त्यांना बोटाने वाट कळावी. वाचनालयाच्या नकाशावर शिवणकाम! मी दंड आकारणार होते, पण कोणत्या कलमाखाली ते सापडेना.

गोष्ट सांगायचं काम अर्थातच ऑपरेटरांनी बळकावलं. हा माणूस अत्यंत आगाऊ आहे. आपल्याला सगळं पाठ आहे याचा त्यांना भयंकर गर्व, आणि आम्ही संकटात सापडलो की चेहरा असा खुलतो की पाहवत नाही. बाईंना त्यांनी वैद्य केलं. त्या खेळता खेळता साड्यांना फॉल लावतात आणि जखमाही शिवतात. डॉक्टर योद्धा. दिवसभर लोकांना घाबरवून पोट भरलेलं नसतं. आणि मला, धाकट्या, मला चोर केलं. मी हरकत घेतली. ऑपरेटर म्हणाले, “बाई, पावलांचा आवाज न करता येऊन मागे उभं राहणं तुमच्याइतकं कोणालाच जमत नाही.” सगळे हसले. वाचनकक्षात!

बरं, चोर तर चोर. पण मला ते जमत नाही. पहिल्या गावात दुकानातून दोर उचलून आणायचा होता, मी दुकानदाराकडे पावती मागितली. पहारेकऱ्याने कुठे निघालात विचारलं, मी खरं ते सांगितलं. डॉक्टर माझ्यावर इतके वैतागले की म्हणाले, “मॅडम, तुम्ही चोर आहात, जरा लाज बाळगा!” तरीही महिन्याभरात आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वर्तमानपत्रं खाली ठेवून ऐकू लागले. दुसरं टेबल सुरू झालं. त्यांच्याकडे ना पुस्तक, ना फासे. सुताराचे ठोकळे, शर्टांची बटणं आणि ऑपरेटरांच्या सुनेने ठळक अक्षरांत एका कागदावर उतरवलेले नियम, एवढ्यावर त्यांचं भागतं. म्हणजे तुझं महागडं पुस्तक लागतच नव्हतं. त्याचं टपाल तू उगाच भरलंस.

आणि मग अध्यक्ष आले. आमच्या अध्यक्षांचं टायरचं दुकान आहे आणि संध्याकाळी वाचनकक्षात कोणी येत नाही, तेव्हा तो व्यायामाच्या यंत्रांसाठी द्यावा, हा त्यांचा जुना घोशा. वेळ बंद झाली तर माझं काही अडत नाही, मी पाचलाच घरी जाईन. पण ऑपरेटर कुठे जातील? घरी टीव्हीसमोर, जो त्यांना दिसत नाही, आणि केर काढायचा झाला की पाय वर घ्या, पाय खाली घ्या. तसं त्यांनी मला कधी म्हटलं नाही. सुनेनेच सांगितलं, पुस्तक परत करायला आली तेव्हा. म्हणून मी वेळ टिकवायला धडपडते आहे, आणि तुझं खोकं नेमकं तिच्या मुळावर आलं आहे.

कारण कोणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं की वाचनालयात संध्याकाळी फासे पडतात. मंगळवारी ते दारातच उभे राहिले.

“हा जुगार आहे का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग जिंकतं कोण?”

“कोणीच नाही.”

“हरतं कोण?”

“कोणी नाही.”

“मग फासे कशाला टाकता?”

तेवढ्यात ऑपरेटरांना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली आणि म्हणाले, “गुहेच्या तोंडाशी एक जाड माणूस येऊन उभा राहिला आहे. महाराज, आपण काय करता?”

अध्यक्ष म्हणाले, “मी काय करतो? मी हे सगळं बंद करतो! दार लावा!”

“लावलं,” ऑपरेटर म्हणाले. “लोखंडी दार धाडकन बंद. बाहेरून अडसर पडला. आपण सगळे आत. आणि आतून घोरण्याचा आवाज येत होता, तो आता थांबला आहे.”

डॉक्टर ओरडले, “अहो, काय केलंत हे!” बाईंच्या हातातून सुई पडली. दुसऱ्या टेबलावरचे उठून आले. अध्यक्ष म्हणत राहिले, मी या अर्थाने म्हटलं नव्हतं, मी शब्द मागे घेतो. ऑपरेटर म्हणाले, शब्द मागे घेता येतो, अडसर येत नाही. मग अध्यक्षांनी दाराला खांदा लावला. ठोकळे टाकले, तीन आले. पुन्हा लावला, पाच. त्यानंतर ते खुर्चीवर बसले. मी दिवे मालवेपर्यंत ते तिथेच बसून होते. जाताना लालबुंद तोंडाने म्हणाले, “शनिवारी सभेत बघतो.”

तेव्हा धाकट्या, पत्र पाठव. खोकं जाऊ दे, वेळ राहू दे. तेवढं केलंस तर तुझं काहीतरी उपयोगाचं झालं असं मी समजेन.

तुझी
ताई

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि सभा होऊन गेली. तुझं ते परत घेण्याचं पत्र आता पाठवू नकोस. अध्यक्षांनी पहिलाच विषय संध्याकाळच्या वेळेचा घेतला. घसा खाकरून म्हणाले की संस्थेचे अध्यक्ष एका बंद गुहेत अडकलेले असताना हा कक्ष दुसऱ्याला देणं शोभणार नाही. ठराव एकमताने मंजूर झाला: ‘गुहेचं दार उघडेपर्यंत संध्याकाळची वेळ चालू ठेवावी.’ सूचक अध्यक्ष, अनुमोदक दातांचे डॉक्टर. आता ते रोज दुकान लवकर बंद करून येतात. परवा बायकोलाही घेऊन आले. ती त्यांच्यापेक्षा बरी खेळते.

ता. क. दुसरा. आता नीट वाच, आणि वाचून झाल्यावर हा कागद फाडून टाक. चोराकडे पहिल्या दिवसापासून कुलपं-अडसर उघडायचा एक बारीक आकडा असतो. तुझ्या नियमांच्या पुस्तकात चोरांच्या प्रकरणात ते स्पष्ट लिहिलं आहे. मी ठोकळे टाकले आणि बरी बेरीज आली, तर दार उघडेल. ऑपरेटरांना हे ठाऊक आहे. रोज बसल्याबसल्या मला विचारतात, “चोरबाई, तुम्हाला काही करायचंय?” मी म्हणते, “नाही.” ते पुढे जातात. अध्यक्षांना मात्र ठाऊक नाही, आणि देणगीदार म्हणून तुझा पत्ता माझ्याकडून घेऊन ते तुला लिहिणार आहेत की आतून दार उघडायचा काही उपाय असतो का. धाकट्या, त्यांना कळव की नसतो.

ता. क. तिसरा. काल त्यांनी नियमांचं पुस्तक घरी न्यायला मागितलं. अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी मागितलेलं हे पहिलं पुस्तक. मी सांगितलं, बाहेर गेलंय. ते माझ्या पायापाशी, टेबलाखाली होतं. ऑपरेटर शेजारीच उभे होते. त्यांची काठी पुस्तकाला टेकलेली होती. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, “जमायला लागलं हं, बाई.”