शनिवारचं मौन

५ एप्रिल २००१, गुरुवार. संध्या. ६

आजपासून साधं आयुष्य. निर्णय पक्का.

तीन दिवसांचं शिबिर आज संपलं. पुण्याहून आलेले गृहस्थ होते. पांढरा झब्बा, पायात काही नाही, आवाज एकदम खालचा. म्हणाले, बाहेरचा पसारा गेला की आतला आपोआप जातो. थेट माझ्याकडे बघून म्हणाले. (मी दाराशी बसलो होतो. आई म्हणते, चहा आला का ते बघत असतील.)

कारण लिहून ठेवतो, म्हणजे निश्चय ढळणार नाही. ऋजुता. मागच्या महिन्यात भाट्याच्या पुलावर म्हणाली, तुझं डोकं म्हणजे माळा झालाय अपूर्व, काय कुठे टाकलंयस तुझं तुलाच ठाऊक नाही. आधी ते आवर, मग बोलू. तिला स्थळ आलंय. संगमेश्वरचा, बँकेत. तो नीटनेटका असणारच, ती माणसं पेनसुद्धा दोरीने बांधून ठेवतात.

तेव्हा: रोज दहा वस्तू घराबाहेर. घास बत्तीस वेळा चावणे. राग आला की दहा श्वास. शनिवारी पूर्ण मौन. आणि टाकायची वस्तू उघडून बघायची नाही. उघडली की मोह, मोह झाला की ती परत कपाटात. हा नियम दोनदा अधोरेखित केलाय.

तसं बघितलं तर कॉलेज जानेवारीत सोडलं तेव्हाच मी सुरुवात केली होती. केमिस्ट्रीचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, रीडिंग्ज ढापलेली आहेत. ती ऋजुताची होती हे खरं. पण सांगायची एक पद्धत असते. जर्नल टेबलावर आपटलं, ॲप्रन तिथेच, मी बाहेर. तत्त्व म्हणजे तत्त्व. जर्नल ऋजुताने उचललं, ते अजून तिच्याकडेच आहे.

६ एप्रिल, शुक्र.

दहा वस्तू: बंद रेडिओ, डाव्या पायाची चप्पल, कॅरमच्या अकरा सोंगट्या (एक वस्तू धरली), खुर्ची, कॅसेटी, वगैरे.

दुपारी आईने नऊ परत आणल्या. म्हणाली, मेल्या, त्या रेडिओत माझी सुईदोऱ्याची डबी असते. मी उघडला नव्हता, नियम आहे. खुर्ची तेवढी गेली. शेजारच्या सावित्रीकाकूंनी उचलली आणि लगेच वापरायला काढली. माझ्या खिडकीतून दिसतात बसलेल्या. मोह होत नाहीये.

ट्रंकेवर बसून लिहितोय.

७ एप्रिल, शनि.

पहिलं मौन. सकाळी साडेनऊपर्यंत अप्रतिम. मग झेरॉक्सवाल्याने नियमांच्या कागदाच्या दोन प्रती तिरक्या काढल्या आणि वर म्हणाला, वाचता येतंय ना. दहा श्वास घ्यायला सुरुवात केली होती. चौथ्याला मौन सुटलं. बरंच सुटलं. त्याचा भाऊ आतून बाहेर आला.

पुढच्या शनिवारी घराबाहेर पडायचं नाही. काय वाटेल ते होवो, तोंड उघडायचं नाही. ऋजुताची शपथ.

८ एप्रिल, रवि.

कुळथाचं पिठलं-भात जेवायला पन्नास मिनिटं. अण्णा हात धुऊन, पान खाऊन, पेट्या मोजून आले तरी माझं चालू. अण्णा म्हणाले, चिरंजीव, हंगाम चालू आहे, झाडावरचे आंबे तुमच्या घासासाठी थांबायचे नाहीत. मी शांतपणे बत्तीस पूर्ण केले आणि मग उत्तर दिलं. उत्तर द्यायला नको होतं.

९ एप्रिल, सोम. दु. १

ऋजुता आली होती!! आणि जर्नल परत देऊन गेली.

मी खोली दाखवली. रिकामी भिंत, रिकामा कोनाडा. ती बघत राहिली. म्हणाली, हे काय, चोर आला होता? मी म्हटलं, सोपं जगतोय. हसली. मग जर्नल दोन्ही हातांनी पुढे केलं आणि म्हणाली, नीट बघ हां. पानन् पान बघ. नाहीतर फेकशील कुठेतरी. कान लाल झाले होते तिचे. ऊन आहेच तसं.

संध्या. ६

विचार केला. ज्या जर्नलपायी माझा अपमान झाला ते तीन महिने जपून ठेवायचं आणि आता स्थळ आल्यावर परत करायचं. म्हणजे हिशेब मिटवतेय. पानन् पान बघ, म्हणजे काय? म्हणजे तिचं म्हणणं, मी काही फाडलं नाही, डाग पाडला नाही, बघून घे. लायब्ररीत पुस्तक परत करतात तसं!

दहा श्वास. वीस. तीस. काही फरक नाही.

१० एप्रिल, मंगळ.

फरक पडला. सकाळी उठलो तो उत्तरासकट. ही परीक्षा आहे. तिला बघायचंय मी जुनं सोडू शकतो की नाही. सोडू शकतो.

शेडमध्ये पेट्या भरणं चालू होतं. बाबल्या, आमच्याकडे वीस वर्षं पेट्या भरणारा, तळाला घालायला कागद कमी पडलेत म्हणून ओरडत होता. आधी कागद, त्यावर पेंढा, त्यावर आंबा. मी जर्नल नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवलं. उघडलं नाही. नियम पाळणं किती अवघड असतं ते आज कळलं. हात नुसता जात होता.

बाबल्या म्हणाला, धाकटं मालक, लिवलेलं हाय वो ह्यात. म्हटलं, म्हणूनच. तो म्हणाला, कागद फस्क्लास जाड हाय, आंबा खूश व्हईल. आणि टराटरा फाडलं.

मी पाठ केली. डोळ्यांत पाणी आलं होतं. पेंढ्याची धूळ.

११ एप्रिल, बुध.

टेंपो वाशीला गेला. सेकंड इयरचं माझं सगळं केमिस्ट्री हापूसच्या खाली मुंबईला चाललंय. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. एक पेटी घरी ठेवलीय, दाजींसाठी. मनिषाताई आणि दाजी पंचवीसला डोंबिवलीहून येणार. दाजींना पेटी भरलेलीच लागते, सुटे आंबे दिले की मानपान निघतो.

गादी पण दिली, ट्रंकही. जमिनीवर बसून लिहितोय. पाठ दुखते, पण ती माझी आहे याची जाणीव होते.

१४ एप्रिल, शनि. संध्या. ७.१५

जिंकलो.

सकाळपासून मौन. आईने मीठ कमी घातलं, बोललो नाही. अण्णांनी कॉलेजचा विषय काढला, बोललो नाही. अण्णा ताप आलाय का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून गेले.

पाच वाजता ऋजुता. निळा ड्रेस. अंगणात तुळशीपाशीच थांबली, वर आली नाही. म्हणाली, बघितलंस?

जर्नलबद्दल विचारत होती. मी डोळे मिटले, श्वास घेतला. पुन्हा म्हणाली, अपूर्व, काहीतरी बोल. मी मंद हसलो. तसं शिबिरात शिकवलंय, ओठ न उघडता. ती म्हणाली, नक्की? मी मान हलवली नाही, हात हलवला नाही. खुणा केल्या तर मौन कसलं!

पाच मिनिटं उभी होती. शपथेवर सांगतो, इतकं बोलावंसं आयुष्यात वाटलं नव्हतं. पण तिचीच शपथ घेतलेली. शेवटी म्हणाली, बरं. आणि गेली. फाटक लावून गेली. आमचं फाटक कोणीच लावत नाही.

तिच्या डोळ्यांत आदर होता. स्पष्ट दिसला. चमकत होते.

आई स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, तू ठार वेडा आहेस का रे? बोललो नाही.

१६ एप्रिल, सोम.

आज ती स्वतःच येईल. मी गेलो तर घाई दिसेल.

१८ एप्रिल, बुध.

नाही आली. परिणाम खोल झालेला दिसतो.

१९ एप्रिल, गुरु.

दुपारभर खिडकीत. सावित्रीकाकू माझ्या खुर्चीत बसून आंबोशीसाठी कैऱ्या चिरत होत्या. म्हणाल्या, काय रे अपूर्व, ऋजुताचं जमलं म्हणे. रविवारी संगमेश्वरची मंडळी आली होती, तिने लगेच हो म्हटलं.

मी म्हटलं, कोण ऋजुता.

२० एप्रिल, शुक्र. दु. ३

अकरा वाजता तिच्या घरी गेलो. वाटेत दोनशे श्वास मोजले. बोलायचं ठरवलं होतं ते असं: अभिनंदन, मला काही फरक पडत नाही. प्रत्यक्षात दाराशी पोचताच मी काय ओरडलो ते लिहीत नाही. समोरच्या घरातले जेवण सोडून बाहेर आले.

ती बाहेर आली नाही. तिची आई, मालिनीकाकू आल्या. ओरडल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, आता ओरडतोस होय? त्या दिवशी एक शब्द काढला असतास तर. तूच काही बोलला नाहीस म्हणे.

म्हणजे मौन तिला आवडलं नाही. एवढंच? एवढ्यावरून बँकवाला?

पाणी प्यायलो. घोट बत्तीस वेळा चावता येत नाही.

२५ एप्रिल, बुध. संध्या. ५

दाजी आले. पेटी इथेच उघडायची म्हणाले, मागच्या वर्षी खालचे चार डागी निघाले होते. आईने आंबे काढले, पेंढा काढला. मी भिंतीला टेकून बघत होतो. तळाशी माझी पानं. टायट्रेशन, ब्युरेटची आकृती, सरांची लाल फुली.

आईने एक घडी केलेला कागद बाजूला काढला. रेघांचा नव्हता, पत्राचा होता. चिकाचे डाग, कोपरा पिवळा. माझ्या हातात देऊन म्हणाली, मी वाचलं नाही हो, चष्मा नाही माझ्याकडे. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

अक्षर ऋजुताचं. उतरवून ठेवतो, चिकाने कागद फाटत चाललाय.

अपूर्व, तोंडावर बोलायला गेले तर तू भांडशील म्हणून लिहितेय. सरांशी बोलले. माफी मागितलीस तर जूनमध्ये परत घेतील. रीडिंग्ज माझी होती हे मीच सांगितलं त्यांना. तू परत येणार असशील तर मी बाबांना सांगते, संगमेश्वरच्यांना येऊ नका म्हणून कळवा. ते रविवारी यायचेत. मी शनिवारी पाचला येते. उत्तर ‘नाही’ असेल तर काही बोलू नकोस, मी समजेन, पुन्हा विचारणार नाही. हो असेल तर काहीही बोल. नेहमीसारखं भांडलास तरी चालेल.

दाजी म्हणाले, यंदा एकपण डागी नाही, वा.

संध्या. ६.४०

खोलीत आहे. बसायला काही नाही. आई दोनदा दाराशी येऊन गेली. आत्ता तिसऱ्यांदा आलीय. आंबा कापून आणलाय, हातात ताटली धरून उभी आहे. म्हणतेय, बोल रे काहीतरी.

सुचत नाहीये.