मोठ्यानं विचारलेलं

दुसरबीड
दि. ११ जून १९६४

तीर्थरूप मामाजी,

उंद्रीकडे तोंड करून तुमच्या आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवते. हिंमतभाऊजींना नमस्कार, सुलीला पापा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नका, स्वतःच वाचा.

मी सुखरूप पोचले. चिखलीला गाडी बदलताना ट्रंक चढवायला कोणी मिळेना, शेवटी कंडक्टरनेच हात लावला. खोली चांगली आहे. घरमालकीण झुंबरबाई एकट्याच राहतात. पहिल्याच संध्याकाळी भाकर-ठेचा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ग्रामसेविका म्हंजे तू नेमकं काय करतं व बाई?" मी म्हटलं, बिनधुराची चूल दाखवते, लेकरांना दुधाची पावडर वाटते, देवी टोचून घ्यायला सांगते. "आन् मंग बाकी दिवसभर?" बाकी दिवसभर लोकांच्या घरात बसून ऐकते, हे सांगायचा मला संकोच वाटला.

मामाजी, आपल्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. मला मात्र मानायचे आहेत. मी शिकायला जायचं विचारलं त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण ते ओसरीवरून दिसलेलं. दाराआडचं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

विहिरीची दरड कोसळून हे गेले, आणि त्यानंतर तुम्ही बोलेनासे झालात. आम्ही समजलो, दुःखामुळे. मळ्यात गड्यांशी, बैलांशी तुमचा आवाज चढलेला असायचा, घरात मात्र हाक मारली तरी मान वर करायचा नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "त्याहिचा जीव जाग्यावर नाही, कोनी बोलू नका." मग सगळं घर हळू बोलायला लागलं. मी तर सून, माझा आवाज दाराबाहेर कधी गेलाच नव्हता.

विकास गटाच्या अन्नपूर्णाबाईंनी माझ्या ग्रामसेविकेच्या प्रशिक्षणाचं काढलं तेव्हा भाऊजींनी तुम्हाला विचारलं. तुम्ही दोर खांद्यावर टाकला आणि निघून गेलात. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तुम्ही पानाला चुना लावत बसलात. भाऊजी आत येऊन म्हणाले, "वहिनी, बाबाच्या मनात नाही. आता तिसऱ्यांदा इचारनं बरं दिसत नाही." मी बरं म्हटलं आणि भाकरी थापायला बसले. डोळ्यांतलं पाणी पिठात पडलं ते कोणी पाहिलं नाही.

नंतर अन्नपूर्णाबाई स्वतः आल्या. त्यांनी तुम्हाला कपाशीच्या नव्या बियाण्याचं विचारलं आणि तुम्ही गाय गाभण असल्याचं सांगितलंत. त्या तशाच उठून चुलीपाशी आल्या. "आशा, तुझ्या सासऱ्यांना ऐकू येतं का ग?"

मामाजी, माझी तव्यावरची भाकर जळली.

"त्यांनी नाही म्हटलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना अजून कोणी विचारलंय कुठे? ऊठ. तू विचार. मोठ्यानं."

मी म्हटलं, "बाई, सासऱ्यावर ओरडू मी? गाव काय म्हणंल?"

"गावाला म्हणू दे. तुझी मर्यादा आणि तुझा आवाज, दोन्ही एकदम ओसरीवर जाऊ शकतात."

पुढचं तुम्ही पाहिलंत. डोक्यावर पदर घट्ट धरून मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि ओरडले, "मामाजी, मले शिकायले जायचं हाये! जाऊ का?" शेजारची तानाबाई भिंतीवरून डोकावली. सासूबाईंच्या हातातलं सूप पडलं.

तुम्ही त्याहून मोठ्यानं म्हणालात, "मंग जा ना! नाही कोन म्हन्लं? मले कोनी इचारलंच नाही!"

आणि मग तुमचा आवाज फुटला. "मले वाटे, त्या दिवशी उद्धवले इहिरीवर मीच धाडलं, म्हून साऱ्या घरानं माह्याशी बोलनं टाकलं."

आम्ही तुमच्या दुःखाला जपत होतो, आणि तुम्ही ती शिक्षा समजून भोगत होतात. प्रशिक्षणात आम्हाला घरातल्या माणसांच्या बोलण्याचा धडा होता. शिकवणाऱ्या बाई फळ्यावर बरंच काही लिहायच्या. मला फळ्याऐवजी आपली ओसरीच दिसायची. तुमच्या एका "जा ना"वर माझं आयुष्य उभं राहिलं, मामाजी. सासऱ्यानं सुनेला दूर गावी एकटं पाठवलं म्हणून लोक तुम्हाला काय काय बोलले, ते मला सासूबाईंनी सांगितलं आहे. तुम्ही त्यातलं एक अक्षरही मला कळू दिलं नाहीत.

सुलीचे केस कोण विंचरतं? उवा झाल्या असतील तर रॉकेल लावू नका. ती अजून तुमच्याच ताटात जेवते का? आलेला माणूस काय बोलला, ते तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगते का? सुटीत आले होते तेव्हा पाहिलं, की सावकाश बोलायचे कष्ट कोणी घेतच नाही. सगळे सुलीला निरोप देतात आणि सुली तुम्हाला.

इथली शाळा खोलीच्या समोरच आहे. पहिलीच्या बाई चांगल्या आहेत. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होतील.

किती वेळ घुटमळते आहे मी! मामाजी, मला सुली इकडे हवी आहे. वर्षभर मी तिच्यावाचून काढलं, आता निघत नाही. तिला आणणं म्हणजे तुमचा कान काढून घेणं, हे मला कळतं. म्हणूनच भाऊजींकरवी विचारलं नाही. ओरडूनही विचारवलं नसतं, कारण हे ओरडायचं बोलणं नाही.

तुम्ही नाही म्हणालात तरी मला चालेल. फक्त गप्प राहू नका.

तुमच्यामुळे दाराबाहेर आलेली,
आशा


उंद्री
ता. १९

चि. आशास आशीर्वाद.

तुहं पत्र गोठ्यात बसून वाचलं. दोनदा वाचलं. हिंमतले दाखवलं नाही. मले लिहायची सवय नाही, चुकलं तं समजून घेजो.

सुलीले इचारलं, मायकडे जातं का? ते हाव म्हनून उड्या मारून राह्यली. मंग थांबली अन् म्हने, "आबा, तुमच्या कानात कोन सांगीन?" मी म्हन्लं, घरात साऱ्याहिले तोंड हाये. ते गेली म्हने आजीकडे अन् तिले शिकवून राह्यली, कानाशी कसं बोलाव, कुठल्या बाजूनं. तुही सासू चार लोकात माह्याशी कधी बोलली नव्हती. काल भर आंगनात वरडली, "जेवाले या!" तानाबाई हासून हासून बसली. मीही हासलो. लई दिवसानं.

लेक मायपाशीच पाह्यजे. तू इचारलं हे बरं केलं. न इचारता नेली असती तं मी काई बोललो नसतो, पन मनात ठेवलं असतं.

सोमवारच्या गाडीनं मीच तिले घेऊन येतो. येतांना कंडक्टर काय म्हनते ते सुली सांगीन. परत जातांना मी एकटा. तवा मीच त्याले म्हनीन, बाबू, मले आयकू येत नाही, उंद्री आली का खांद्याले हात लाव. हे मी आजपावतर कोनाले माह्या तोंडानं सांगतलं नाही.

पुंजाजी