सागर नावाची फाइल

मंगळवार, संध्याकाळ. अंबरनाथ.

आज सरांनी दादाचं नाव काढायला सांगितलं.

कॅम्प चारच्या बाजारात सरांचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे, तिथे दादा बसायचा. तो वारला, आता त्याच्या खुर्चीवर मी बसते. नववीतून शाळा सुटली माझी. वेबसाइटचं जे काय येतं ते त्यानेच शिकवलं. फर्निचरवाल्याच्या साइटचा मेनू चालवणारी फाइल त्याने स्वतःच्याच नावाने ठेवली होती, सागर.

सर म्हणाले, "बेटा, क्लायंट पूछेगा ये सागर कौन है. हटा दे." मी नुसती मान हलवली.

फाइलचं नाव 'मेनू' केलं आणि लोडरमध्ये, म्हणजे साइटला फाइली आणून देणाऱ्या कोडमध्ये, नवीन पाथ टाकला, फाइलचा पत्ता. तर पान कोरंच. पाथच्या शेवटी मी फाइलच्या नावाचं शेपूट, डॉट जेएस, लावलं होतं. दादा किती ओरडायचा, "अगं बावळट, डॉट जेएस लोडर स्वतः लावतो, तू नको लावू!" ते काढलं तर पान लगेच उघडलं. मला रडूच आलं.

लोडरमधल्या त्या ओळीत डावीकडे हाक मारायचं नाव असतं, उजवीकडे फाइल कुठंय ते. डावीकडचं 'सागर' पण काढायचं होतं. नाही काढलं. सरांना सांगितलं, झालं. आता साइट सागरला हाक मारते आणि मेनू येतो. चुकलं का माझं?

घरी आले तर आईने आतून हाक मारली, "सागर, पाणी आलंय रे, पिंप भर." तिच्या तोंडात तेच बसलंय.

मी गेले. पिंप भरलं.