मधला चेंडू

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या मामेबहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकवायचे नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा ते वगळून उरलेल्या अंगांनी). तुझी तब्येत बरी असावी अशी आशा आहे. खांद्याचं दुखणं कसं आहे? परवा तू पाठवलेल्या फोटोत खांदा दिसला नाही, कारण त्यावर तुझ्या त्या उंच मैत्रिणीचा, शिडीचा, हात होता. दोघींच्या टोप्या छान आहेत. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, टोप्यांची शिवणसुद्धा सारखी आहे, म्हणजे एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दिसतात. एकाच इमारतीत राहिलं की असं होत असावं. रोज सकाळी दोघी मिळून फिरायला जाता हे ऐकून आनंद झाला. (आनंदच झाला. मी यांनाही तसं सांगितलं, तर हे म्हणाले, मग पोळपाट एवढ्या जोरात का आपटलास?)

आमच्याकडे सगळं ठीक. यांना मोजणी खात्यातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी टेप काही खिशातून निघत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी पलंगापासून स्नानगृहापर्यंतचं अंतर मोजून मला कळवलं. मी विचारलं नव्हतं.

पत्र लिहायचं कारण म्हणजे माझी दाढ. आमचे दातांचे डॉक्टर विभागीय क्रीडा स्पर्धेच्या समितीचे सचिव आहेत, हे तुला माहीत असेल. समितीला स्वतःचं कार्यालय नाही, त्यामुळे सगळा कारभार दवाखान्यातून चालतो. काचेच्या कपाटात एका फळीवर कवळ्या आणि खालच्या फळीवर ढाली असतात, आणि ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याच्या तोंडात आधी कापूस भरायचा अशी डॉक्टरांची पद्धत आहे. माझा जबडा पुरता बधिर झाल्यावर ते म्हणाले की यंदा आपल्या स्पर्धेत इतक्या वर्षांनी टेनिस परत येतंय, स्मरणिकेत त्याचा इतिहास हवा, आणि त्या वेळच्या खेळाडूंपैकी या गावात आता तुम्हीच आहात. मी म्हटलं, ‘आ.’ त्यांनी ते ‘हो’ असं धरलं. नाही म्हणायला जीभ टाळ्याला लागावी लागते, ताई, आणि माझी जीभ कुठे आहे हेच मला कळत नव्हतं.

तर मी आता इतिहासकार झाले आहे. त्यामुळे तुला ठाऊक असलेली गोष्टही पहिल्यापासून सांगायची खोड लागली आहे, ती गोड मानून घे. पहिल्या स्पर्धेत धावणं, पोहणं आणि कुस्ती एवढंच ठरलं होतं. टेनिस आत आलं ते त्या वेळच्या अध्यक्षांच्या बायकोला कुस्ती बघवत नव्हती म्हणून. कोर्ट फक्त आपल्या कॉन्व्हेंटात, म्हणून सामने तिथे. पंचांसाठी उंच खुर्ची नव्हती, तेव्हा प्रार्थनेच्या खोलीतले दिवे बदलायची शिडी आणली आणि भूगोलाच्या बाईंना वर चढवलं. त्यांना उंचीची भीती. त्या सगळा वेळ डोळे मिटून बसायच्या आणि चेंडूच्या आवाजावरून गुण द्यायच्या. (मी हे इतिहासात घातलंय. डॉक्टरांनी समासात ‘पुरावा?’ असं लिहिलं. पुरावा मी आहे.)

आणि आपल्या खेळाच्या सिस्टर. पांढरा झगा एका हाताने सावरत कोर्टाच्या कडेने पळायच्या, आठवतं? त्यांचा नियम एकच, कोर्टावर ओरडायचं नाही. त्यातही ‘माझा’ हा शब्द तर मुळीच नाही. चेंडूला माझा म्हणणारी मुलगी उद्या सगळ्यालाच माझं म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. मधे आलेला चेंडू चांगली मुलगी जोडीदाराला देते. तू उजवीकडे, मी डावीकडे, आणि मधून गेलेला प्रत्येक चेंडू आपण एकमेकींना इतक्या आदराने द्यायचो की तो थेट कुंपणाला जाऊन लागायचा. तरी आपण जिंकत होतो, कारण समोरच्या जोड्याही कुठल्या ना कुठल्या कॉन्व्हेंटातल्याच असायच्या. त्यांच्याही मधून चेंडू तसाच जायचा. असं सभ्य टेनिस पुन्हा कुठे झालं नसेल.

मग अंतिम सामन्यात त्या दोन नर्सबाई आल्या. तेव्हा त्या शिकतच होत्या, पण वॉर्डभर ऐकू जाईल असा आवाज आधीच कमावलेला. प्रत्येक चेंडूला ‘माझा!’ आणि ‘सोड, मी बघते!’ मला तर वाटलं चेंडूला काहीतरी दुखापत झाली आहे. शेवटचा तो चेंडू मला अजून दिसतो. हळू, उंच, अगदी रिकामटेकडा असा आला. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे. तू हाताने ‘घे ना’ असं केलंस, मी मानेने ‘नाही, तूच’ असं केलं. तो आपल्या दोघींच्या मधे पडला, उडाला, पुन्हा पडला, आणि आपण हरलो. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या, आपल्या वागण्याबद्दल. घरी जाताना आपण वाटेत काहीच बोललो नाही आणि फाटकाशी आल्यावर दोघींना एकदमच हसू फुटलं. तेवढं हसू मला नंतर कधी आलेलं आठवत नाही.

इथपर्यंतचा इतिहास मी मनापासून लिहिला. पुढच्या स्पर्धेबद्दल मात्र एका वाक्यात आटोपलं. ‘त्यानंतरच्या स्पर्धेत महाविद्यालयाची एक जोडी विजयी झाली.’ खोटं काय आहे त्यात? तू कॉलेजात गेली होतीस, मी अजून शाळेतच होते, आणि शाळा-कॉलेजची मिश्र जोडी चालणार नाही असा नियम निघाला. (तो नियम कोणी वाचला होता, हे मी इतिहासात विचारलेलं नाही. इथेही विचारत नाही.) तुला जोडीदार म्हणून शिडी मिळाली. वर्गाच्या खिडक्यांच्या वरच्या कड्या हात वर करून लावायची, तीच. ती सरकारी शाळेतून आलेली, तिला आपले संस्कार नव्हते. ती ‘माझा’ ओरडायची. तुझ्या पायाशी आलेल्या चेंडूला ओरडायची, कोर्टाबाहेर गेलेल्या चेंडूला ओरडायची, एकदा तर शेजारच्या मैदानातून आलेल्या फुटबॉललाही ओरडली. आणि तुम्ही जिंकलात. मी तेव्हा बाकावर तुझा स्वेटर घेऊन बसले होते. घडी करून, बाह्या आत, तुला आवडते तशी.

त्यानंतर कॉन्व्हेंटने कोर्टावर रसायनाची प्रयोगशाळा बांधली आणि टेनिस बंद पडलं. एक वर्ष प्रात्यक्षिक म्हणून गोदामाच्या आवारात ठेवलं होतं, पण चेंडू सिमेंटच्या ट्रकमध्ये पडला आणि ट्रक निघून गेला. मी लिहिलं, ‘यानंतर आपल्या स्पर्धेत टेनिसला उतरती कळा लागली.’ यानंतर म्हणजे नेमकं कशानंतर, ते वाचकाने ठरवावं.

डॉक्टरांनी लेख परत पाठवला. हरलेल्या सामन्याला तीन पानं आणि जिंकलेल्या सामन्याला एक ओळ, हे प्रमाण त्यांना पटलं नाही. शिवाय त्यांना विजेत्या जोडीचा फोटो हवा होता. माझ्याकडे आहे तो फोटो, दिवाणखान्यात लावलेला. फक्त चौकट जरा लहान मिळाली होती (फोटोवालाच म्हणाला होता की एका बाजूने दुमडावा लागेल, आणि ती बाजू कुठली ते मी सांगितलं), त्यामुळे त्यात तू आहेस, कप आहे, आणि तुझ्या खांद्यावर कोपरापर्यंत एक हात आहे. दाढा तपासायच्या दिव्याखाली फोटो धरून डॉक्टर बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, हा हात कुणाचा? मी म्हटलं, त्या वेळी गर्दी फार होती.  पुढच्या वेळी त्यांनी मला भूल कमी दिली.

त्याच दिवशी त्यांनी दुसरी बातमी सांगितली. नव्या कोर्टाचं उद्घाटन जुन्या खेळाडूंच्या सामन्याने होणार आहे. समोर त्याच दोघी नर्सबाई, त्यातली एक आता मेट्रन होऊन निवृत्त झाली आहे आणि आवाज अजून तसाच आहे म्हणतात. आणि इकडच्या बाजूला तू. जोडीदार तू निवडायची. समितीने तुला तसं कळवलं आहे, पण तुझं उत्तर आलेलं नाही. मी म्हटलं, बरं. घरी येऊन मी सगळ्या खिडक्यांच्या वरच्या कड्या लावायचा प्रयत्न केला. एकही लागली नाही.

त्यात माझा जीव अडकला होता असं मुळीच समजू नकोस. ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तुम्ही रोज बरोबर चालता, टोप्या आहेतच, पुन्हा जिंकायचं तर जिंकलेलीच जोडी बरी. मी इतिहास लिहीन आणि स्वेटर धरीन, दोन्हीची सवय आहे. असं मी यांना रोज सांगत होते, आणि हे रोज म्हणत होते की मग तिला एक फोन कर. तीन-चार वाक्यांचं तर अंतर, त्यात काय मोजायचं, असंही म्हणाले. पुरुषांना अंतराशिवाय काही कळत नाही.

फोन आला तो शिडीचा. इतक्या वर्षांत तिने मला कधी केला नव्हता. माझ्या मनात आलं की निवड झाली, आता गोड बोलून सांगणार. मी आवाज शक्य तेवढा कॉन्व्हेंटचा करून तिची विचारपूस केली. ती नेहमीसारखी मोठ्याने बोलत होती, हे दुसऱ्या खोलीतून ऐकत होते, फोन त्यांच्याकडे नसतानाही. म्हणाली, तुझा इतिहास डॉक्टरांनी मला वाचायला पाठवला, छान आहे, माझा हात छापणार आहेत का? मी म्हटलं, विचारते. मग म्हणाली,

“एक सांगू का? तुम्हाला वाटतं मला ओरडायची हौस होती. अगं, तुझी ताई मधे आलेला प्रत्येक चेंडू सोडून द्यायची. डावीकडे बघायची आणि थांबायची. तिथे मी असायचे, पण ती थांबायची तुझ्यासाठी. मी ओरडले नसते तर पहिल्याच सामन्यात घरी गेलो असतो.”

“मग हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू बोलत होतीस का माझ्याशी?”

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.  शेवटी म्हणाली की समितीचं पत्र तुझ्या टेबलावर तसंच पडलं आहे, तू काही लिहीत नाहीस, विचारलं तर म्हणतेस, बघू तिच्या (म्हणजे माझ्या) मनात आहे का. आणि तुमची फिरायला जायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्या फोनने मला बरं वाटायला हवं होतं. पण मला तिचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटला. तू माझ्यासाठी डावीकडे बघत थांबायचीस हे तिला इतकी वर्षं माहीत होतं, आणि मला नाही. मी बाकावर होते. बाकावरून तुझी पाठ दिसायची.

असो. पत्र फार लांबलं. खांद्याला शेक घे, कडक पाण्याने नको. शिडीला नमस्कार सांग (दोन्ही हातांचा, फोटोतला तिचा हात पूर्ण छापायला सांगितला आहे). तुझ्या उत्तराची घाई अजिबात नाही.

तुझी
मामेबहीण

ता. क. : घाई नाही म्हटलं ते माझ्यापुरतं. डॉक्टरांना जोडीची नावं स्मरणिका छापायला जाण्याआधी हवी आहेत, आणि माझ्या दुसऱ्या दाढेचं काम बाकी आहे.

पुन्हा ता. क. : गच्चीवरून चेंडूचा आवाज येतो अशी खालच्या मजल्यावरच्या तुझ्या ओळखीच्या शिक्षिकेने तुला फोनवर तक्रार केली असेल, तर ते आम्हीच. हे चेंडू टाकतात आणि प्रत्येक वेळी तो कुठे पडला ते मोजतात, त्यामुळे खेळ जरा संथ आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारलं आहे. ते म्हणाले, पळायचं नाही. मी म्हटलं, दुहेरीत आम्ही कधी पळत होतो? नव्या पांढऱ्या बुटांचं म्हणशील तर ते सवलतीत होते.

शेवटचा ता. क. : उजवी बाजू तुझी, डावी माझी. आणि मधे आलेला, ताई, माझा. तू या वेळी मान हलवू नकोस, हातही करू नकोस. मी ओरडणार आहे. सिस्टर असत्या तर रागावल्या असत्या, पण त्यांनाही कळलं असतं की माझा म्हटलं ते फक्त चेंडूला, सगळ्याला नव्हे.